यंत्राच्या हातीं द्यावयाची कृति

दिवाळी चार दिवसांवर आली म्हणजे घरोघर चकलीच्या भाजणीची तयारी सुरू होते. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे, जिरें हें सर्व भाजावयाचें, मग दळून आणावयाचें, पिठांत मोहन घालून तें भिजवावयाचें, आणि शेवटीं सोऱ्यांतून चकल्या पाडून तळावयाच्या. हा क्रम कोणत्याहि गृहिणीला सांगावा लागत नाहीं. भाजणी दळून आल्यावर उडदाची डाळ घालावयाची राहिली असें कळलें, तर पुढचें सर्व काम नव्यानें करावें लागतें. परंतु लाडवांत साखर कमी पडली म्हणून कोणी चकल्या पुन्हां तळावयास बसत नाहीं. कोणती वस्तु कशावर अवलंबून आहे, आणि कशांत फरक पडला असतां काय काय फिरून करावें लागेल, याचें ज्ञान गृहिणीच्या हातांत मुरलेलें असतें.

हेंच ज्ञान यंत्राला द्यावयाचें झालें तर तें अक्षरशः लिहून द्यावें लागतें. संगणकाच्या आज्ञावल्या तयार करण्याच्या उद्योगांत असें लिहून देणें ही एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे. तिचा मुख्य नियम एका वाक्यांत सांगण्यासारखा आहे: जें लिहून दिलें नाहीं तें यंत्र जाणत नाहीं, आणि जें लिहून दिलें त्यावर तें डोळे मिटून विश्वास ठेवतें. या नियमाचा विसर पडल्यामुळें १९७६ सालीं एका विद्वानाची सबंध सकाळ फुकट गेली. आणि त्याच नियमाचा गैरफायदा घेऊन २०२४ सालीं कोणी तरी असंख्य संगणकांच्या दारांची चोरकिल्ली बनविण्याचा घाट घातला होता. या दोन प्रसंगांच्या मध्यें या विद्येचा बहुतेक सर्व इतिहास येऊन जातो.

प्रथम बांधणी म्हणजे काय तें पाहणें अवश्य आहे. कोणतीहि मोठी आज्ञावली एकाच लांबलचक लेखासारखी लिहिलेली नसते. तिचें मूळ शेंकडों, कधीं हजारों फाइलींत विभागलेलें असतें. हें मूळ माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत असतें. संगणकाच्या अंतर्भागाला तें थेट समजत नाहीं. म्हणून कंपायलर नांवाची दुसरी आज्ञावली एकेका फाइलीचें यंत्रभाषेंत रूपांतर करते, आणि लिंकर नांवाची तिसरी आज्ञावली ते सुटे तुकडे सांधून एक सबंध वस्तु तयार करते. त्याखेरीज चित्रें, निरनिराळ्या भाषांतील मजकूर, माहितीचीं पानें हींहि ठाकठीक करून तिच्या सोबत द्यावीं लागतात. या सर्व खटाटोपाला बांधणी म्हणतात. घरांतील फोनवर एखादी नवी सोय एका बोटाच्या स्पर्शानें उतरते, तेव्हां तिच्या मागें अशी बांधणी होऊन गेलेली असते.

आतां १९७६ सालची ती सकाळ. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन हे त्या वेळीं काम करीत होते. एके दिवशीं त्यांचे सहकारी, 'यॅक' या प्रसिद्ध आज्ञावलीचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन, नशिबाला बोल लावीत त्यांच्याकडे आले. एका आज्ञावलींतील चूक शोधण्यांत त्यांची सकाळ खर्ची पडली होती, आणि गंमत अशी कीं, ती चूक त्यांनीं आधींच दुरुस्त केलेली होती! दुरुस्त फाइल पुन्हां यंत्रभाषेंत उतरविण्याचें तेवढें राहून गेलें होतें. त्यामुळें कागदावर शुद्ध मजकूर आणि चालण्यांत मात्र जुनाच अशुद्ध, असा प्रकार झाला होता. फेल्डमन यांचीहि आदली संध्याकाळ कांहींशा अशाच अडचणींत गेली होती. तेव्हां हें 'काय जुनें झालें आणि काय नवें करावयाचें' याचें स्मरण ठेवण्याचें काम माणसाकडून काढून यंत्राकडे कां देऊं नये, असा विचार निघाला. आरंभीं मनांत आलेली योजना बरीच गुंतागुंतीची होती. ती सोपी होत होत त्याच आठवड्याच्या अखेरीस 'मेक' या आज्ञावलीच्या रूपानें अवतरली. पुढें २००३ सालीं या कामाबद्दल असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी या संस्थेनें फेल्डमन यांस आपलें सॉफ्टवेअरचें पारितोषिक दिलें.

मेकला द्यावयाचा नियम तीन भागांचा असतो. कोणती वस्तु तयार करावयाची, हें पहिलें. त्याला लक्ष्य म्हणावें. ती कोणकोणत्या वस्तूंपासून होते, हें दुसरें. त्यांना आधार म्हणावें. आणि ती कशी करावयाची, हें तिसरें. या तिसऱ्या भागाला ग्नू प्रकल्पाच्या मेकच्या मार्गदर्शिकेंत जो इंग्रजी शब्द योजिला आहे त्याचा अर्थ सरळ पाककृति असाच आहे. म्हणून मराठींतहि त्याला कृति म्हणण्यास हरकत नाहीं. नियम वाचून मेक प्रत्येक फाइलीवर शेवटचा हात केव्हां फिरला ती वेळ पाहतें. आधार लक्ष्याहून नवा दिसला कीं लक्ष्य शिळें ठरतें व कृति पुन्हां केली जाते. तसें नसेल तर हात लावला जात नाहीं. डाळ बदलली तर चकली पुन्हां, साखर बदलली तर नाहीं, हेंच तें ज्ञान.

मराठी घराला जवळचें असें एक उदाहरण घेतां येईल. अनेक आज्ञावल्या मुळांत इंग्रजींत लिहिल्या जातात, आणि त्यांतील वाक्यांचीं मराठी भाषांतरें स्वयंसेवक एका साध्या फाइलींत भरतात. तींत वर इंग्रजी वाक्य, खालीं मराठी, अशी जोडी असते. ही फाइल माणसाला सोयीची. परंतु संगणकाला शोधण्यास सोपी व्हावी म्हणून 'एमएसजीएफएमटी' नांवाची छोटी आज्ञावली तिचें आटोपशीर यंत्रोपयोगी कोशांत रूपांतर करते. ज्या भाषांतरावर 'संशयित' अशी खूण असेल तें ती सामान्यतः गाळून टाकते. मेकला सी भाषेंतील फाइलींचें रूपांतर कसें करावें तें उपजतच ठाऊक असतें. भाषांतराच्या फाइलीचें नसतें. म्हणून येथें बांधणी करणाऱ्यास स्वतःची पायरी लिहावी लागते: लक्ष्य, मराठी कोश, आधार, मराठी भाषांतराची फाइल, कृति, एमएसजीएफएमटीला बोलावून दुसरीपासून पहिला तयार करणें. एवढ्या दोन ओळी लिहिल्या कीं पुढें कोणीहि एखादा शब्द सुधारला असतां तेवढाच कोश नवा होतो. हिंदी किंवा गुजराती कोशाला कोणी स्पर्शहि करीत नाहीं.

या ओळी लिहितांना एक जुनी खोच संभाळावी लागते. नेहमीच्या रीतीप्रमाणें कृतीच्या प्रत्येक ओळीचा आरंभ टॅब या कोऱ्या चिन्हानें झाला पाहिजे. डोळ्याला तें साध्या मोकळ्या जागेसारखेंच दिसतें. परंतु साधी मोकळी जागा सोडली तर मेक रुसून बसतें. ही गैरसोय फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानांत आली होती. पण तोंवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, आणि त्यांची घडी विसकटूं नये म्हणून त्यांनीं ती तशीच राहूं दिली. डझनभर मंडळींची सोय पाहिली, आणि पुढें जवळजवळ पन्नास वर्षें जगभरच्या नवशिक्यांनीं त्या कोऱ्या चिन्हापायीं डोकें खाजविलें. जें प्रथम तात्पुरतें म्हणून केलें जातें तेंच पुष्कळदां कायमचें होतें, ही गोष्ट पायरी लिहिणाऱ्यानें ध्यानांत ठेवावी.

पायरी लिहिणें दोन ओळींचें काम असलें, तरी ती प्रामाणिक लिहिणें तितकें सोपें नाहीं. पहिला आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे न सांगितलेला आधार. समजा, एखादी पायरी माहितीचें पान तयार करते आणि त्या पानावर आज्ञावलीच्या आवृत्तीचा आंकडा छापते. हा आंकडा एका वेगळ्या फाइलींतून वाचला जातो. पण लिहिणारानें आधारांच्या यादींत तिचें नांव घातलेलें नाहीं. पहिल्या दिवशीं सर्व कांहीं ठीक दिसतें. महिन्यानें आंकडा बदलतो. मेक यादी पाहतें, यादींतील कांहींच बदललेलें नाहीं असें त्याला दिसतें, आणि पान जुनेंच राहतें. यंत्र खोटें बोललें नाहीं; त्याला अर्धेंच सांगितलें होतें. जॉन्सन यांची सकाळ ज्या दोषानें खाल्ली, तोच दोष मेक असूनहि मागच्या दारानें परत येतो. याहून वाईट म्हणजे, अशा वेळीं लोक सर्व कांहीं पुसून टाकून बांधणी पहिल्यापासून करण्याची संवय लावून घेतात. दोष झांकला जातो, आणि मेक ज्यासाठीं जन्मास आलें तो हेतूच नाहींसा होतो.

दुसरा दोष अर्धवट झालेल्या कामाचा. कृति चालू असतां मध्येंच चूक निघाली, तर लक्ष्याची अर्धीमुर्धी फाइल मागें उरते. तिची वेळ मात्र ताजी असते. पुढच्या खेपेस मेक ती पाहून 'हें झालेलें दिसतें' असें समजतें आणि कच्ची चकली ताटांत पडते. यास दोन उपाय आहेत. एक, अपयश आल्यास लक्ष्य पुसून टाकण्याची आज्ञा मेकला आधींच देऊन ठेवणें. तशी सोय ग्नू मेकमध्यें आहे. दुसरा, सर्व मजकूर प्रथम तात्पुरत्या नांवाच्या फाइलींत लिहून, काम निर्दोष पार पडल्यावरच तिला खरें नांव देणें. जाणते कारागीर बहुधा दोन्ही करतात.

तिसरा दोष कृतीच्या ओळींविषयीं आहे. मेक सामान्यतः कृतीची प्रत्येक ओळ नव्या नोकराच्या हातीं देतें. पहिल्या ओळींत 'अमुक खोलींत जा' असें सांगितलें आणि दुसरींत 'तेथील डबा उघड' असें म्हटलें, तर दुसरा नोकर त्या खोलींत गेलेलाच नसतो. अशा आज्ञा एकाच ओळींत गुंफाव्या लागतात. काम संपलें कीं प्रत्येक नोकर एक आंकडा सांगतो: शून्य म्हणजे ठीक, इतर कोणताहि आंकडा म्हणजे बिघाड. परंतु अनेक आज्ञा नळीसारख्या एकापुढें एक जोडल्या असतां साधारणतः शेवटच्याच आज्ञेचा आंकडा ऐकूं येतो. पहिलीनें हात टेकले आणि शेवटची निमूटपणें यशस्वी झाली, तर यंत्र सर्व क्षेम समजून पुढें जातें.

चौथा दोष एका कृतींतून दोन वस्तु निघतात तेथें उद्भवतो. यॅकसारखी आज्ञावली एकाच वेळीं दोन फाइली तयार करते. नियमांत दोन लक्ष्यें नुसतीं शेजारीं मांडलीं, तर मेक त्यांना दोन स्वतंत्र नियम समजतें. कामें एकामागून एक चाललीं तोंवर हें खपून जातें; परंतु वेळ वाचावा म्हणून अनेक कामें एकदम सुरू केलीं कीं तीच कृति दोन ठिकाणीं चालूं लागते, आणि एक जण लिहीत असतां दुसरा तेंच पुसतो. दोन्ही लक्ष्यें मिळून एकच घाणा आहे हें सांगण्यासाठीं ग्नू मेकच्या ४.३ या आवृत्तींत, २०२० सालीं, स्वतंत्र खूण आली. तोंवर चार दशकांहून अधिक काळ लोक युक्त्याप्रयुक्त्यांनींच भागवीत होते.

या चारहि दोषांचें मूळ एकच आहे: पायरी जें घेते, जें करते आणि जें देते, तें सर्व तिनें बोलून दाखविलेलें नसतें. मग न सांगितलेलें घेणेंच अशक्य केलें तर? गूगल कंपनीनें आंत वापरांत असलेली आपली बांधणीची व्यवस्था २०१५ सालीं 'बेझल' या नांवानें सर्वांस खुली केली. तिच्यांत हा विचार पुढें नेलेला आहे. तेथें प्रत्येक पायरी शक्यतों एका बंद खोलींत चालविली जाते. आधार म्हणून जीं नांवें लिहिलीं तेवढ्याच फाइली त्या खोलींत ठेवल्या जातात. आवृत्तीच्या आंकड्याची फाइल सांगावयाची राहिली, तर ती खोलींत सांपडतच नाहीं. महिन्यानंतर गुपचूप शिळें पान निघण्याऐवजीं पहिल्याच दिवशीं काम मोठ्यानें अडतें. फाइल बदलली कीं नाहीं हेंहि तेथें घड्याळावरून न ठरवितां तिच्या मजकुराच्या ठशावरून ठरवितात. म्हणून नुसती उघडून पुन्हां तशीच ठेवलेली फाइल विनाकारण काम वाढवीत नाहीं. अशा व्यवस्थेंत स्वतःची पायरी स्टारलार्क नांवाच्या छोट्या भाषेंत लिहितात. तींत लिहिणाऱ्यास आधारांची व निष्पन्न वस्तूंची यादी आधीं मांडावी लागते. ही सक्ति प्रथम जाचक वाटते. परंतु जमाखर्च रोजच्या रोज लिहिणाऱ्यास वर्षअखेर जें समाधान मिळतें, तेंच येथेंहि मिळतें.

याच विचाराची आणखी एक शाखा आहे. तेच मूळ, तीच कृति, मग दोन निरनिराळ्या माणसांनीं केलेली बांधणी बिंदुविसर्गासह एकच निघावी, अशी कोणाचीहि अपेक्षा असेल. प्रत्यक्षांत तसें होत नसे. कोणी पायरींत आजची तारीख छापी. कोणी फाइलींची यादी ज्या क्रमानें हातीं येई त्याच क्रमानें घेई, आणि तो क्रम यंत्रागणिक निराळा असे. २०१३ पासून डेबियन या प्रकल्पांतील मंडळींनीं हा विस्कळितपणा दूर करण्याचा उद्योग आरंभिला. तारीख हवीच असेल तर ती घड्याळांतून न घेतां बाहेरून ठरवून दिलेली घ्यावी, यादी नेहमीं लावून घ्यावी, असे साधे पण उपयुक्त संकेत त्यांतून रूढ झाले. तारीख हाहि एक आधारच आहे; तो चोरून घेऊं नये, एवढेंच याचें तात्पर्य. दोन परक्या माणसांच्या बांधण्या तंतोतंत जुळल्या, तर मध्यें कोणाच्या यंत्रांत कांहीं मिसळलें गेलें नाहीं असा भरंवसा धरतां येतो.

भरंवशाचा हा प्रश्न केवळ तात्त्विक नाहीं, हें २०२४ सालीं दिसून आलें. 'एक्सझेड' नांवाची फाइली दाबून लहान करणारी एक आज्ञावली आहे. ती फार थोड्या माणसांच्या फावल्या वेळांतील श्रमांवर चालत आलेली, पण लिनक्सच्या असंख्य संगणकांत बसविलेली आहे. तिच्या कामांत सुमारे दोन वर्षें मदत करून विश्वास संपादन केलेल्या कोणा टोपणनांवधारी इसमानें ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत विष कालविलें. विष कालविण्यासाठीं त्यानें जागा निवडली ती बांधणीच्या पायरीची! सर्वांना वाचतां येणाऱ्या मूळ मजकुरांत वाचून संशय यावा असें कांहीं नव्हतें. तेथें चांचणीसाठीं म्हणून ठेवलेल्या, वरवर निरुपद्रवी व बिघडलेल्या दिसणाऱ्या नमुन्याच्या फाइली होत्या. वांटपासाठीं जें गांठोडें बांधलें त्यांत मात्र बांधणीच्या तयारीची एक फाइल बदललेली होती. बांधणी सुरू झाली कीं ती पायरी त्या नमुन्यांतून लपविलेला मजकूर काढी आणि तयार होणाऱ्या वस्तूंत सांधून देई. त्यायोगें दूरच्या संगणकांत शिरण्याच्या रक्षित दारालाच कांहीं ठिकाणीं चोरवाट पडणार होती.

हें उघडकीस आणलें अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें. दुसऱ्याच कामाचें मोजमाप करतांना, संगणकांत प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असें त्याच्या लक्षांत आलें. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत तो थेट त्या पायरीपर्यंत पोंचला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यानें सर्वांस सावध केलें. विषारी आवृत्त्या तोंवर मुख्यत्वें लिनक्सच्या चांचणीच्या वितरणांतच पोंचल्या होत्या. मोठा अनर्थ थोडक्यांत टळला.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. दोन बांधण्या पडताळून पाहण्यानें एवढ्यावरून ही लबाडी पकडली गेली नसती. कारण दोघांनींहि तेंच गांठोडें उघडलें असतें आणि दोघांकडेहि तेंच विष सारखेपणानें निघालें असतें. पाहावयास हवें होतें तें असें कीं, चांचणीच्या नमुन्यांचें मुख्य वस्तूच्या कृतींत काय काम? आधारांच्या यादींत ज्याचें नांव नाहीं तें आंत कसें येतें? परंतु मूळ आज्ञावली शंभर डोळे वाचतात, आणि तिची बांधणी करणारी पायरी मात्र 'ती चालते आहे ना' एवढेंच पाहून सोडून दिली जाते. स्वयंपाक्याची परीक्षा घ्यावयाची आणि कोठीकडे ढुंकूनहि पाहावयाचें नाहीं, असा हा व्यवहार होता.

यावरून पायरी लिहिणाऱ्याचा धर्म स्पष्ट होतो. जें जें घ्यावयाचें त्याचें नांव लिहावें. जें जें द्यावयाचें त्याचेंहि लिहावें. अर्धें काम पुरें म्हणून मिरवूं देऊं नये. तारीख, क्रम, यंत्राची लहर यांना चोरपावलांनीं आंत शिरूं देऊं नये. कृति इतकी उघड लिहावी कीं, आपल्या पश्चात् येणाऱ्या परक्या माणसाला ती वाचून 'ही ओळ कशासाठीं' असा प्रश्न पडल्यास त्याचें उत्तर त्याच पानावर मिळावें. आणि वाचणाऱ्यानेंहि ती मूळ आज्ञावलीइतक्याच काळजीनें वाचावी.

गृहिणीची भाजणी तोंडीं शिकविली तरी चालते. कारण शिकणारी मुलगी शेजारीं उभी असते आणि राहिलें साहिलें डोळ्यांनीं टिपते. यंत्राला असे डोळे नाहींत. त्याच्या हातीं दिलेला कागद हीच त्याची दृष्टि. तो कागद पुरा असेल तर यंत्र कधीं कंटाळत नाहीं, कधीं विसरत नाहीं. आणि तो अपुरा असेल तर तीच चूक तें हजार वेळां तितक्याच निष्ठेनें करीत राहतें.